बिल्ट इंजिन की स्टॉक?

शारजात राहणाऱ्या आमच्या कोकणी तरुणांत दोन जाती आहेत. एक पगार झाला की गावी घर बांधायला पैसे पाठवते, दुसरी निसान पॅट्रोल घेते. माझ्या भाच्याने दोन्ही एकदम करायचं ठरवलं. रत्नागिरीला घराच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, स्लॅब बाकी आहे. आणि इथे पार्किंगमध्ये जुन्या वाय ६१ बॉडीची पॅट्रोल उभी आहे, जी सकाळी चालू केली की निळा धूर सोडते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन बाहेर काढावंच लागणार. मग भाचा म्हणाला, "मामू, काढतोच आहोत तर टर्बो लावून घेऊ."

मी गेली वीस वर्षं इथल्या सनाइयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, बोरिंग-होनिंगचं काम करतो. असले प्रश्न घेऊन रोज कुणीतरी येतं. पण गिऱ्हाइकाला सल्ला देणं वेगळं आणि बहिणीच्या मुलाला देणं वेगळं. त्याने दोन अंदाज काढून आणले होते. पहिला: आहे तेच इंजिन उघडायचं, फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, नवी बेअरिंग टाकून बिल्ट करायचं. दुसरा: बाजारातून चांगलं जुनं टीबी ४८ आणायचं, न उघडता बसवायचं आणि त्यावर कमी दाबाचा टर्बो. दोन्ही आकड्यांतला फरक मी मनात मोजला. स्लॅबचं सिमेंट, लोखंड आणि सेंट्रिंग त्यात बसत होतं.

आधी इंजिनाबद्दल. टीबी ४८ म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर, ९९.५ मिलिमीटर बोअर, १०२ स्ट्रोक, ४.८ लिटर. ब्लॉक बिडाचा, जाड. आखातात हजार अश्वशक्तीच्या वर गेलेल्या पॅट्रोल याच ब्लॉकवर उभ्या आहेत. लिवाजवळच्या तल मोरीबच्या वाळूच्या डोंगरावर, जिथे चढ पन्नास अंशांच्या आसपास आहे, तिथे त्या चढताना पाहिल्या की कुठल्याही पोराचं डोकं फिरेल. भाच्याचं तिथेच फिरलं. त्या गाड्यांना पोसायला मालक आणि मेकॅनिकांची फौज असते, हे व्हिडिओत दिसत नाही.

टर्बो काय करतो? हवा दाबून आत भरतो. अर्धा बार दाब म्हणजे कागदावर दीडपट हवा. पण हवा दाबली की तापते, आणि इथला उन्हाळा आधीच ४५ अंशांचा. टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर अर्ध्या बारला हवा बाहेर पडताना १०० अंशांच्या आसपास जाते, एक बारला १४५ च्या जवळ. इंटरकूलर त्यातलं बरंच काढतो, सगळं नाही. गरम हवा आत गेली की पेट्रोल ठिणगीची वेळ येण्याआधी किंवा ठिणगीनंतर भलत्या जागी स्फोटासारखं पेटू शकतं. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. स्टॉक पिस्टन मरतो तो बहुतेक असाच: वरच्या दोन रिंगांमधली कड तुटते. ओतीव पिस्टन कडक असतो, पण ठिसूळ. हातोड्याचे घाव त्याला सोसत नाहीत. फोर्ज्ड पिस्टन चिवट. तो काही घाव सहन करतो.

इथपर्यंत भाच्याचं म्हणणं बरोबर होतं. पण "फोर्ज्ड टाकलं म्हणजे इंजिन फुटत नाही," ही समजूत मी इतक्यांदा ऐकली आहे की मशीनवर पाटी लावावीशी वाटते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर एक महागडा फोर्ज्ड पिस्टन आला होता. डोक्यात आरपार भोक. इंधन पंप कमी पडला, मिश्रण पातळ झालं, आणि ॲल्युमिनियम वितळलं. चिवट धातूही वितळतोच.

दुसरी गोष्ट, बिल्ट इंजिन हा सुट्या भागांचा खोका नसतो. तो हातांचा भरवसा असतो. फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून भिंतीशी जागा जास्त ठेवावी लागते. मग थंड इंजिन खडखडतं. रिंगच्या टोकांत फटही जास्त हवी. बूस्टवर चालणाऱ्या एवढ्या बोअरला मी वरच्या रिंगला साधारण ०.६ मिलिमीटर ठेवतो. कमी ठेवली तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कड घेऊन जातं. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट कसावी लागते, नाहीतर हेड बसल्यावर गोल सिलिंडर गोल राहत नाही. आमच्या ओळीतली किती दुकानं प्लेट वापरतात ते मी इथे लिहीत नाही, शेजाऱ्यांशी रोज चहा प्यायचा असतो.

भाच्याला हे सगळं ब्लॉकजवळ उभं करून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुम्हीच करा ना बोअर." मी केलंही असतं. पण बोअर माझा, बांधणी दुसऱ्याची, ट्यूनिंग तिसऱ्याचं, आणि गाडी चालवणार हा. काही बिघडलं तर चौघांत बोट कुणाकडे दाखवायचं? स्टॉक इंजिनाची बांधणी निदान कारखान्यात झालेली असते, एका हिशेबाने.

आणि मूळ प्रश्न मी त्याला विचारला: किती ताकद हवी? त्याने आकडा सांगितला नाही, म्हणाला, "शुक्रवारी वाळूत मित्रांच्या मागे राहायला नको." एवढ्यासाठी ०.४ बार पुरतो. रॉडवरचा ताण दोन ठिकाणांहून येतो. टॉर्क वाढला की दाब वाढतो. आणि आरपीएम वाढले की ओढ वाढते, तीही वर्गाच्या पटीत. कमी बूस्ट ठेवला आणि कारखान्याची आरपीएमची मर्यादा तशीच राहू दिली, तर त्या जाड रॉडला फारशी तक्रार नसते.

बाजारातल्या इंजिनातही धोका आहेच. मीटरवरच्या किलोमीटरवर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय वाळवंटात फिरलेली गाडी असेल तर फिल्टर चुकवून गेलेली बारीक वाळू सिलिंडर घासून ठेवते. आम्ही चार इंजिनं पाहिली. सहाही सिलिंडरचं कंप्रेशन घेतलं, लीक-डाउन केलं, ऑइल फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. तिसऱ्याच्या कागदात पितळी चमक होती, म्हणजे बेअरिंग गेलेली. विकणारा म्हणत होता, "एकदम जपानी, भाई." चौथ्याची सहाही कंप्रेशनं जवळजवळ सारखी निघाली. ते घेतलं.

वाचलेल्यातले थोडे पैसे मी त्याला खर्च करायला लावले, कारण इथे कंजूसपणा चालत नाही: मोठा इंधन पंप, चांगला इंटरकूलर, वाइडबँड मीटर, आणि घाई न करणारा ट्यूनर. टाकीत ९८ ऑक्टेनच. इंजिन बदललं की मुल्कियावरचा इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो आणि टर्बोला आधी परवानगी लागते, नाहीतर दंड होऊन गाडी जप्त होते. तो कागद हातात आल्याशिवाय मी टर्बोची पेटी उघडू दिली नाही. यावर तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

जुनं इंजिन विकलेलं नाही. ते माझ्या दुकानाच्या मागे ताडपत्रीखाली आहे. दोन वर्षांनी हौस टिकली आणि हातात पैसा असला तर ते सवडीने बिल्ट करू, बोअर मी करीन, टॉर्क प्लेट लावून. बहिणीचा परवा फोन होता. तिने गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. स्लॅब मेच्या आधी पडेल ना, एवढंच विचारलं. सेंट्रिंगवाल्याला ॲडव्हान्स गेला आहे म्हणून सांगितलं.