मिठामागून पाणी

कसबा बावड्यातली ती प्राणिशास्त्राची शिक्षिका बांगडा साफ करताना आतडं लगेच टाकून देत नाही. पोट फाडलं की आतड्याची गुंडाळी बोटांनी उलगडते, वाटीतल्या पाण्यात धरते आणि क्षणभर बघत बसते. किनाऱ्यावरून घाट चढून कोल्हापुरात आलेला हा मासा जन्मभर खारं पाणी प्याला. त्यातून अंगापुरतं पाणी मिळवण्याचं काम या सुतळीएवढ्या नळीनं केलं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बांगड्याच्या रक्ताचा खारटपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून कल्ल्यांवाटे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं; भर समुद्रात मासा सुकत असतो. १९३० मध्ये होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळला. माशांच्या आतड्यात तो गडद होत गेला. रंग आतच राहिला होता, पाणी मात्र शोषलं गेलं होतं. समुद्री मासे पाणी पितात, हे त्यातून कळलं.

आतडं थेट पाणी ओढत नाही, मीठ ओढतं. अन्ननलिकेतच बरंचसं मीठ निघून जातं. पुढे आतड्याच्या पेशी सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांना एकत्र आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. जादा मीठ कल्ले बाहेर टाकतात. कॅल्शियमचा साका पांढऱ्या कार्बोनेटच्या रूपात आतड्यातच बसतो.

विद्यार्थिदशेत तिनं हे तराजूवर पाहिलं होतं. ताज्या माशाचं आतडं काढून द्रावणानं धुवायचं, एक टोक दोऱ्यानं बांधायचं, मोजकं द्रावण भरून दुसरं टोक बांधायचं आणि ती पिशवी प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या भांड्यात टांगायची. ठरावीक वेळानं काढून, टिपकागदावर अलगद टेकवून वजन करायचं. जितकी हलकी झाली, तितकं पाणी भिंतीतून पलीकडे गेलं.

तिच्या पहिल्या प्रयोगाचे आकडे फार देखणे आले. पिशवी झपाट्यानं हलकी होत होती. दुसऱ्या दिवशी आतल्या द्रावणात रंग घातला, तेव्हा खरं कळलं: गाठ गळत होती. दोरा सैल राहिला तर पाणी झिरपतं, जास्त आवळला तर नाजूक भिंत कापली जाते. मधला ताण बोटांना कळायला तिला कित्येक आतडी लागली.

अशाच पिशव्यांवर जपानमध्ये तेत्सुया हिरानो यांनी काम केलं. ईल हा वामीसारखा लांबट मासा नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक दिलं की त्याचं आतडं जास्त पाणी ओढतं, असं हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९६८ मध्ये मांडलं. त्याआधी १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड यांच्या प्रयोगशाळेत पियुषिका ग्रंथी काढलेले किलिफिश मासे गोड्या पाण्यात प्रोलॅक्टिनवर तगले होते. माणसांत आईच्या दुधाशी जोडलेलं हे संप्रेरक माशाला नदीत जगवतं.

तिसरं संप्रेरक, ग्वानिलिन, आतडं स्वतःच बनवतं. ते मिठाची ओढ थोपवतं आणि उलटा प्रवाह सुरू करतं. हे संप्रेरक माणसातही आहे. काही ई. कोलाय जिवाणूंचं विष पेशींवरच्या त्याच्याच कुलपात शिरतं आणि जुलाब लागतात.

बावड्यात हा विषय पुस्तकात राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं ती कितीतरी मागे टाकली. पूर ओसरला की पोटाच्या आजारांची भीती येते आणि घराघरांत मीठ-साखरेचं पाणी ढवळलं जातं. साखरेसोबत सोडियम आत जातं आणि पाणी त्याच्यामागून, हे ती वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीतून मान वर करतात.

बाजारातल्या बांगड्याचं आतडं आता काही ओढत नाही. तरी ती त्याच्यावरच मुलांना गाठ मारायला शिकवते. आत निळी शाई भरायची, पिशवी काचेच्या ग्लासात सोडायची आणि दहा मिनिटं थांबायचं. ग्लासातलं पाणी निवळ राहिलं, तरच गाठ जमली.