खिचडी आणि आकाशगंगा

नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडतात आणि चाळीसेक किलोमीटरवर गाडीचा वेग आपोआप कमी होतो. वारंगा फाटा! इथून एक रस्ता हदगाव, उमरखेड करत यवतमाळकडे जातो आणि दुसरा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. पण हा पत्ता कुणी सांगत बसत नाही. मराठवाड्यातल्या माणसापुढे फाट्याचं नाव काढा, तो एकच शब्द उच्चारेल, खिचडी. ट्रकवाले, एसटीतले प्रवासी, लग्नाचं वऱ्हाड, सगळे थांबतात, गरमागरम खिचडी हाणतात आणि पुढे निघतात. इथे मुक्काम कोण करणार?

तुम्ही करा. निदान अर्धी रात्र तरी. जेवण झालं की एखाद्या आडरस्त्याने चार-पाच किलोमीटर आत जा. इंजिन बंद, हेडलाइट बंद, मोबाइल खिशात. वीस मिनिटं काहीही करू नका. डोळे अंधाराला सरावले की शिवाराच्या वर जे उलगडतं, ते बाणेर किंवा ठाण्याच्या गच्चीवरून कधीही दिसत नाही. आणि मग पहिला विचार मनात येतो तो म्हणजे, छे, याचा फोटो काढायलाच हवा.

इथूनच ‘पहिला कॅमेरा कोणता घेऊ?’ हा आपल्या पिढीचा लाडका प्रश्न सुरू होतो. ऑफिसातल्या जाणकाराला विचाराल तर तो ‘फुल फ्रेमच घे, नाहीतर घेऊच नको’ म्हणेल आणि बजेट लाखाच्या पुढे नेऊन ठेवेल. मंडळी, ऐकू नका. माझी कसोटी अगदी साधी आहे. ज्या कॅमेऱ्यातून एकाच रात्री फाट्यावरच्या खिचडीचा आणि वरच्या आकाशगंगेचा असे दोन्ही फोटो नीट येतात, तो तुमचा पहिला कॅमेरा. फक्त आकाशासाठी घेतलेला कॅमेरा वर्षातून चार वेळा बाहेर निघतो. उरलेले दिवस तो कपाटात असतो, आणि कपाटातल्या कॅमेऱ्यावर हात बसत नाही.

गंमत म्हणजे दोन्ही फोटोंची मागणी एकच आहे, उजेड. हॉटेलातल्या पिवळट बल्बखाली प्लेटवरची वाफ पकडायची असो की हजारो प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश, लेन्सचं तोंड जितकं मोठं उघडेल तितकं चांगलं. कॅमेऱ्यासोबत फुकट आल्यासारखी मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स जास्तीत जास्त एफ ३.५पर्यंत उघडते. ५० एमएम एफ १.८ची साधी लेन्स त्याच्या जवळजवळ चौपट उजेड आत घेते. चौपट! शिवाय ती नव्या लेन्सेसमध्ये सर्वांत स्वस्त म्हणावी अशी. घरातल्या बाळाचं बारसं, मित्राचं लग्न, मांजर, खिचडी, सगळ्याला हीच.

म्हणजे पैसे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त. बॉडी सेकंडहँड घ्या, बिनधास्त. कॅननची १३००डी (२०१६ची) किंवा १५००डी, निकॉनची डी३४०० किंवा डी५३०० यातली कुठलीही चालेल. सगळ्यांमध्ये मॅन्युअल मोड आहे, रॉ फाइल मिळते, ३० सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवता येतं. आकाशाला याहून जास्त काही लागत नाही. यातही निवडायचीच झाली तर मी डी५३००ला मत देईन. तिचा स्क्रीन बाहेर वळतो, त्यामुळे कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवला की खाली बसून मान मोडावी लागत नाही. शिवाय ठराविक अंतराने आपोआप फोटो काढत राहायची सोयही तिच्यात आत्ताच आहे. मिररलेस हलके आणि छानच असतात, पण त्यांची किंमत आणि त्यांच्या लेन्सची किंमत एकत्र जोडून बघा, मग बोलू.

निकॉनवाल्यांसाठी एक खाचखळगा. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. दुकानदार स्वस्तात ५० एमएम एफ १.८ ‘डी’ लेन्स पुढे करतो, ती या बॉडीवर बसते, पण ऑटोफोकस करत नाही. ताऱ्यांसाठी काही बिघडत नाही, तिथे फोकस हातानेच करायचा असतो. पण धावत्या भाचीसाठी? नावात ‘एएफ-एस’ आहे का, ते पाहूनच घ्या.

सेकंडहँड घेताना दोन तपासण्या दुकानातच करा, मग तो मुंबईत फोर्टचा बोरा बाजार असो की ओळखीतला कुणी. पहिली, लेन्सला झाकण लावून आयएसओ १६००वर ३० सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळ्या पडद्यावर लाल-निळे-पांढरे ठिपके असतीलच, थोडे चालतात, अख्खी दिवाळी असेल तर नमस्कार करून निघा. दुसरी, लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते.

उरलेल्या पैशांत ट्रायपॉड. इथे कंजुषी नको. वाऱ्याने थरथरणाऱ्या ट्रायपॉडवर लाखाचा कॅमेराही रेघोट्याच काढतो. आणि तुमच्याकडे आधीच चांगला फोन असेल तर? गुगलने २०१९मध्ये पिक्सेल ४ फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोड दिला, तो मिनिटांमागून मिनिटं फोटो घेऊन स्वतःच जोडतो. असा फोन असेल तर आधी फक्त ट्रायपॉड घ्या. एक रात्र काढून बघा. थंडीत तीन तास उभं राहायची हौस आहे की नाही, ते कळेल.

आता कधी यायचं? आकाशाचं टाइमटेबल स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच लटकलेलं असतं. कालनिर्णय काढा, अमावास्या बघा. मूळचे मराठवाड्याचे असाल तर सुट्टीही मागावी लागणार नाही, कारण गावी जायचे दिवस अमावास्येलाच चिकटलेले आहेत. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. तेव्हा पाऊस संपलेला असतो, आभाळ धुतलेलं असतं आणि अंधार पडल्या पडल्या आकाशगंगेचा जाड भाग नैऋत्येला मावळताना सापडतो. फटाक्यांच्या धुरापासून लांब जायचं, इतकंच. लातूर-नांदेड पट्ट्यात वेळ अमावास्येला सगळं घरच शेतात जेवायला जातं. त्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मृग नक्षत्र आणि व्याध डोक्याकडे चढत असतात. आणि गुढीपाडवा म्हणजे अमावास्येनंतरचा पहिला दिवस. त्याच्या आदल्या पहाटे तीन-चारला उठलात तर वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, आग्नेयेला उभं असतं आणि त्याच्या शेजारीच आपल्या दीर्घिकेचं केंद्र.

या केंद्राच्या बाबतीत आपण फार नशीबवान आहोत. वारंगा साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे, त्यामुळे हे केंद्र इथे दक्षिणेला क्षितिजापासून ४० अंशांहून वर चढतं. लंडनमध्ये ते जेमतेम दहा अंशांवर येतं, धुक्यात आणि इमारतीत हरवून जातं. एप्रिल-मेच्या रात्री तर इथे दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूही दिसतो. तिथले लोक यासाठी विमानाची तिकिटं काढतात, तुम्ही देवगिरी एक्स्प्रेसने नांदेडला उतरा.

शेतात उतरण्याआधी ज्याचं शेत त्याला विचारा. कोणी ना कोणी जागं सापडतंच, कारण मोटारीला लाइट रात्रीची आली की पाणी द्यायला रात्रीच यावं लागतं. पायात बूट, हातात काठी आणि टॉर्चवर लाल कागद. विंचू-काट्याचं रान आहे. हळदीच्या हंगामात आलात, तर रात्रीच्या थंडीत शिजणाऱ्या हळदीची वाफ हाही एक फोटो आहे, तो चुकवू नका.

रेसिपी अशी. १८ एमएम, एफ ३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद. याहून जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते म्हणून तारे लांबट होतात. ५० एमएमला हीच मर्यादा सहा सेकंदांवर येते. फोकस हाताने, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. सारखे दहा फोटो काढा आणि घरी सिक्वेटर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा, दाणेदारपणा साधारण एक तृतीयांशावर येतो. आणि थंडीत मधूनमधून लेन्सवर दव बघत राहा.

हे सगळं ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून ढकलावं का? ढकलू नये. तुळजापूर-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात लोहा ते वारंगा आणि वारंगा ते महागाव असे दोन टप्पे पडले. रस्ता मस्त झाला, गाड्या वाढल्या, आणि चांगल्या रस्त्याच्या मागोमाग पंप, धाबे आणि पांढरे एलईडी येतातच. याबद्दल तक्रार करायला आपण कोण? रात्री अंधारात रस्ता ओलांडायचा असतो तो तिथल्या माणसाला. पण हिशेब माहीत असावा. २०२३मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आलेल्या अभ्यासात जगभरातल्या, मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या, हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतून निघालं की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे आठेक वर्षांत दुप्पट.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपणार. त्याला अंधार लागत नाही, त्याला जमिनीची शांतता लागते. अंधार जपण्याचं काम राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाने केलं, जानेवारी २०२४मध्ये तिथे डार्क स्काय पार्क जाहीर झालं. हिंगोली-नांदेडच्या सीमेवरच्या साध्या शिवारासाठी असा फलक कोणी लावणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वी एक फोटो जास्तीचा काढा. कॅमेरा आभाळावरून खाली आणा, फाट्याच्या दिशेने वळवा. १८ एमएम, एफ ३.५, आयएसओ १६००, दहा सेकंद, आकडे वहीत लिहून ठेवा आणि बांध कुठला तेही. क्षितिजावर नारिंगी-पांढरा घुमट दिसेल, तो फाट्याचा उजेड. पुढच्या दिवाळीला त्याच बांधावरून, त्याच आकड्यांनी पुन्हा तोच फोटो घ्या. मग गाडी काढा, एवढ्या थंडीत खिचडीची दुसरी प्लेट सहज जाते.