उजनीच्या पाण्यावर पुन्हा एकदा

मोहोळच्या माणसाने जलविहाराची गोष्ट काढावी, हे कोकणातील वाचकांस विनोदाचेच वाटेल. आमच्या गावाची ख्याती नागनाथाची, ज्वारीची आणि उन्हाची. सीना नदी तालुक्यातून वाहते खरी; पण वर्षातील बरेच महिने तिच्या पात्रात होडीपेक्षा बैलगाडीच अधिक सुखाने चालेल. तथापि माघ महिना लागला की आमच्या घरी निघण्याची जी गडबड उडे, ती होडीत बसण्यासाठीच. आमचा समुद्र उत्तरेस आहे; वायव्येस म्हणणे अधिक बरोबर. टेंभुर्णी व इंदापूर मागे टाकून भिगवणच्या अलीकडे कुंभारगावाकडे वळले, की जमीन एकाएकी संपते आणि दृष्टी पोहोचेल तेथवर पाणी लागते.

हा समुद्र मनुष्याने केलेला आहे. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने भीमा अडविली. तेथे सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि त्यांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट मृतसाठ्याचे. पाणी मात्र आमच्या आकाशाचे नव्हे. ते सह्याद्रीवर पडते, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांच्या वाटेने भीमेत येते, आणि येताना पुणे शहर जे काही देईल तेही घेऊन येते. काठाशी पाण्यावर हिरवी साय धरलेली असते. ती पाहून आमच्या सौभाग्यवती दरवर्षी नाक मुरडतात आणि दरवर्षी होडीत प्रथम बसतात.

२०२५ च्या माघात मात्र त्या बसल्या नाहीत. आम्ही गेलोच नाही. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उत्तर तीरावरील कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. एकच गृहस्थ पोहून काठास लागले. त्याच उन्हाळ्यात पाणी इतके आटले होते की, एरवी बुडालेले पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडले होते, आणि आम्ही मुलांना घेऊन कोरड्या पायांनी त्याच्या भोवती हिंडून आलो होतो. इतके आटूनही उरलेले पाणी सहा माणसे बुडवावयास पुरले, हा हिशेब आमच्या मनातून पुष्कळ दिवस जाईना.

यंदा मुलांनीच हट्ट धरला. नावाडी जुन्या ओळखीचा. काठावर पोहोचताच सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला तो पक्ष्यांचा नव्हे.

“पोरांना जाकिटं आहेत का?”

“हायती की, वहिनी. त्याबिगर मीच बसू देत न्हाई आता.”

धाकट्याचे जाकीट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आले. सौभाग्यवतींनी आपली शाल काढून ते त्याच्या कमरेस आवळून बांधले. तेव्हा कोठे होडी सुटली.

सकाळचे पाणी निवांत होते. प्रथम चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. रात्री त्यांची ताटातूट होते असे संस्कृत कवी सांगतात. आम्हांस तरी दिवसा ते एकमेकांवर ओरडतानाच आढळले. पुढे उथळात रोहित पक्षी माना उलट्या करून चिखल गाळीत उभे होते. मुलांनी मोजावयास आरंभ केला व शंभराच्या पुढे भांडण करून सोडून दिला. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसलेला एक कोळी जाळे ओढीत होता; जाळ्यात सगळी चिलापीच. नावाडी सहज म्हणाला, “आज्याची जिमीन हितंच खाली हाय, सायेब. आता तिच्यावर मासं धरतो.” त्याच्या स्वरात दुःख शोधण्याचा आमचा मोह त्याने पुरा होऊ दिला नाही, लगेच चिलापीचा भाव सांगू लागला.

उत्तर तीर जवळ आला तशा करमाळ्याच्या बाजूच्या केळीच्या बागा आणि पाण्यात उतरलेले पंपांचे नळ दिसू लागले. धरणाने येथील गावे बुडविली आणि उरलेल्यांस ऊस, केळी दिली. काठावर उभे राहून जमाखर्च जुळविणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. इतके मात्र दिसते की, आम्ही ज्या पाण्यावर हौसेने फिरतो, ते इकडच्या माणसांची रोजची वाट अडवून बसले आहे. पलीकडच्या बाजाराला किंवा दवाखान्याला रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा पडतो. म्हणूनच कुगावचे लोक होडीत बसत. तेथून शिरसोडीपर्यंत पूल बांधण्याचे काम आता हाती घेतले गेले आहे.

उन्हे वर आली तसे नावाड्याने आकाशाकडे नव्हे, तर पाण्याच्या रंगाकडे पाहिले.

“वारं सुटायच्या आत माघारी फिरू.”

एरवी आम्ही आणखी अर्ध्या घटकेसाठी घासाघीस केली असती. या खेपेस कोणी काही बोलले नाही. मध्यावर लाटा आल्याच. होडीची नाक आपटू लागली, अंगावर तुषार उडाले. मोठी मुलगी हसत होती. सौभाग्यवतींची मूठ मात्र धाकट्याच्या पाठीवर शालीची गाठ धरून होती, ती काठाची माती लागेपर्यंत सुटली नाही.

उतरल्यावर नावाड्याने जाकिटे दोरीवर वाळत घातली. “पुढच्या माघापर्यंत लहान मापाचं एक आणून ठेवा,” असे सौभाग्यवतींनी त्यास बजाविले. त्याने मान डोलावली आणि त्याचे पैसे आमच्याकडे आगाऊ मागितले.