शिध्याचा हिशेब

बगदाद इंग्रजांनी ११ मार्च १९१७ रोजी घेतलं. एवढं मोठं, नामांकित शहर. पण त्या विजयावर लिहिलेलं फारसं कोणी आवडीने वाचत नाही. त्याच्या आदल्या वर्षी टायग्रिसच्या एका वळणावर, कुट नावाच्या मातीच्या घरांच्या गावात, इंग्रजांचं अख्खं सैन्य शरण गेलं. त्यावरची पुस्तकं मात्र शंभर वर्षं निघतायत. सरकारी इतिहासाचे मोबर्लीचे चार जाडजूड खंड आहेत, शरण गेलेल्या सेनापतीने स्वतः लिहिलेलं समर्थन आहे, कैदी अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत. बार्करचं आहे, ब्रॅडनचं आहे. एका मानसशास्त्रज्ञाने तर लष्करी नालायकीचं शास्त्र मांडताना कुटला स्वतंत्र जागा दिली आहे. २०१० साली आलेल्या जाड ग्रंथाचा लेखक चार्ल्स टाउनशेंड, आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो सेनापतीही चार्ल्स टाउनशेंडच. नाव तेच, माणूस वेगळा. कपाटात दोघांना शेजारी ठेवताना दर वेळी गंमत वाटते.

या पुस्तकांचं वेड मला लागलं ते एका नावामुळे. कुटमध्ये अडकलेल्या सैन्याचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यामुळे यातलं कुठलंही पुस्तक हाती आलं की मी शेवटून सुरुवात करतो. आधी सूची, तिच्यात ‘मराठा’. चार-पाच पृष्ठांक असतात. त्या पानांवर जावं तर पलटण अमक्या फळीत होती, तमक्या दिवशी इतके कामी आले, बस्स. सेनापतीच्या कुत्र्याचं नाव स्पॉट होतं, हे मात्र या पुस्तकांतून मला पाठ झालं आहे.

मोहीम सुरू झाली तेव्हा तिचा पसारा लहान होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरायचं, बसरा घ्यायचं, अबादानचं तेल सांभाळायचं. कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता आणि त्या सरकारने तो कवडी-कवडी वाचवत चालवला. बसऱ्याला धड धक्के नव्हते, नदीत चालतील अशा बोटी पुरेशा नव्हत्या, दवाखान्यांची तर बोंबच. पण तुर्क मागे हटत गेले आणि इंग्रजांची भूक वाढत गेली. ३१ मे १९१५ ला कुर्न्याच्या पुराच्या पाण्यातून सैन्य चक्क होड्यांतून लढायला गेलं. बेलम नावाच्या त्या लांबोळक्या होड्या शिपायांनी काठीने रेटत न्यायच्या. १०३ वी मराठा त्यात होती. लव्हाळ्यातून, वर जून तोंडावर आलेल्या उन्हात काठी मारत जाणारा खाडीकाठचा एखादा रत्नागिरीकर मला तिथे दिसतो. शेजारच्या होडीतल्या इंग्रज शिपायापेक्षा त्याला ते काम नक्की बरं जमत असणार. इंग्रजी पुस्तकं या प्रकाराला टाउनशेंडची होड्यांची शर्यत म्हणतात. नाव मिश्कील आहे आणि लढाई जिंकल्यामुळे ते खपूनही गेलं.

मग अमारा, मग कुट, मग बगदादचा मोह. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनच्या प्राचीन कमानीच्या सावलीत लढाई झाली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं गेली. जखमींना नदीपर्यंत आणलं ते स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी पट्ट्यांच्या बुडाच्या सामानाच्या गाड्यांतून. पुढे बोटी. त्यातली एक बसऱ्याला पोचताना मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने पाहिली. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेने दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती. डेकवर आडव्या पडलेल्या माणसांना उठता येत नव्हतं, तेव्हा ती तशीच वाहून, सुकून लोंबकळत राहिली होती. कार्टरने हे लिहून दिलं तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं.

ते शब्द अखेर १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात आले. लंडनमध्ये गदारोळ झाला, ऑस्टेन चेंबरलेनने भारतमंत्रिपद सोडलं. पार्लमेंटातल्या त्या चर्चेत हिंदुस्थान सरकारच्या लाकडी कारभाराची सालटी काढणारा माँटेग्यू आठवड्याभरात त्याच खुर्चीवर बसला आणि ऑगस्टमध्ये त्याने जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. शाळेत आपण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या, पाच मार्कांची टीप म्हणून. त्या टिपेच्या मागे ही बोट उभी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

टाउनशेंड मागे हटत ३ डिसेंबरला कुटमध्ये शिरला आणि तिथेच थांबला. त्याने १८९५ साली चित्रळचा वेढा ४६ दिवस झुंजवून नाव कमावलं होतं. नेपोलियनची भक्ती, बँजोवर फ्रेंच गाणी, आणि एकदा वेढ्यात सापडून मोठा झालेला माणूस. मला दाट संशय आहे की वेढा त्याला आतून हवासाच वाटत होता. त्याने वरिष्ठांना कळवलं की अन्न जानेवारीच्या मध्यापर्यंत पुरेल. झालं. सोडवायला निघालेला जनरल एल्मर जमेल तसं, येईल तसं सैन्य घेऊन धावत सुटला. शेख साद, वादी, हन्ना. जानेवारीच्या चिखलात तीन लढाया. हन्नामध्ये फज्जा उडाल्यावर टाउनशेंडने गावात झडती घेतली, जवाचे साठे हाती लागले, आणि त्याने कळवलं: अजून ८४ दिवसांचं अन्न आहे.

हे वाक्य प्रत्येक पुस्तकात येतं आणि प्रत्येक लेखक आपापल्या स्वभावाप्रमाणे ते हाताळतो. मोबर्ली सरकारी सभ्यतेने पुढे सरकतो. ब्रॅडन दात-ओठ खातो. तो स्वतः जपान्यांच्या कैदेत बर्माच्या रेल्वेवर उपाशी राहिलेला, त्यामुळे शिध्याबाबत निष्काळजी सेनापती त्याच्या तावडीतून सुटत नाही. आत अडकलेल्यांना सोडवण्याच्या खटपटीत एकूण २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेले होते त्याहून कितीतरी कमी. कुठल्याही घरात महिना काढायचा तर बाई आधी डबे उघडून बघते. इथे डबे बघितले लढाया हरल्यावर.

वेढा १४७ दिवस चालला. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत आवडतं दृश्य आहे: आकाशातून जातं येतंय. शेवटी शेवटी पिठाची पोतीही टाकली. काही नदीत पडली, काही तुर्कांत. जगात वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवण्याचा हा पहिलाच प्रयत्न, आणि तो कमी पडला.

जानेवारीअखेर घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी मांस घेतलं. हिंदी शिपायांतले बहुतेक नको म्हणाले. हिंदुस्थानातून पंडितांची, मौलवींची अनुमती तारेने मागवली, तरी नाहीच. इथे एरवी समजूतदार असणारे लेखकसुद्धा वैतागतात. अंधश्रद्धा, हट्ट, आडमुठेपणा. टाउनशेंडने तर आपल्या अपयशाचं मोठं गाठोडं या नकाराच्या डोक्यावर ठेवलं. मला यात हट्टापेक्षा हिशेब दिसतो. पंडिताचं पत्र कुटमध्ये चालेल; गावात कोण वाचणार ते? शिपाई पलटणीत चार-सहा वर्षांसाठी आलेला असायचा आणि गावात कायमचा. परत जाऊन त्याला पंगतीला बसायचं होतं, पोरीची सोयरीक जमवायची होती, भाऊबंद तर टपूनच बसलेले. घोडा खाल्ल्याची कुजबूज एकदा गावात पोचली की ती तार करून थांबवता येत नाही. तो माणूस रानातला पाला खुडून शिजवत होता, त्यातलाही काही विषारी निघाला. एप्रिलमध्ये भुकेपुढे हजारोंनी मान तुकवली. तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

यात एक गोष्ट डॉक्टरांनी नोंदवली आहे आणि ती माझ्या मते सेनापतीच्या सगळ्या पुस्तकापेक्षा मोलाची आहे. वेढ्यातले मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहीर. त्यांच्याकडे दोन रांगा लागत. गोऱ्यांना बेरीबेरी होत होता, हिंदी शिपायांना स्कर्व्ही. गाव एक, पाणी एक, वेढा एक. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यातलं सत्त्व गिरणीतच निघून गेलेलं. आपले लोक कोंड्यासकट जव-आटा खात, म्हणून बेरीबेरीतून वाचले; पण ताजं मांस नाही, भाजी नाही, लिंबू नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त यायचं. पुढे गोऱ्यांचं पांढरं पीठ संपलं, जवाची भाकरी त्यांच्याही नशिबी आली आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. जीवनसत्त्व ही कल्पना तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. ताट बघून आजार सांगता यावा इतका स्वच्छ पुरावा तिथे माणसांच्या हाडांवर मिळाला.

२९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं. त्याआधी तुर्की सेनापती खलीलला दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ करून पाहिले. त्या खटपटीत नंतर गाजलेला टी. ई. लॉरेन्सही होता. तुर्कांनी पैसे नाकारले आणि गोष्ट जगजाहीर केली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, १९१७ साली कैदेत असतानाच ‘सर’ किताबही मिळाला. स्पॉट सुखरूप विलायतेला पोचला. बाकीचे वाळवंटातून पायी निघाले: समारा, मोसुल, निसिबिन, रास-अल-ऐन. तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. गोरे शिपाई होते २,६०० च्या आसपास, त्यातले १,७०० हून अधिक मेले. हिंदी शिपायांचा आकडा विचाराल तर पुस्तकागणिक बदलतो. मृत इतके, बेपत्ता इतके, शिवाय पलटणीबरोबरचे भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी धरायचे की नाही यावर पुन्हा मतभेद.

या सगळ्या ढिगात खालून लिहिलेलं एक पुस्तक आहे, तेही बंगालीत. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हा बंगाल अँब्युलन्स कोअरमधला तरुण कुटमध्ये पकडला गेला. रोजनिशीची पानं त्याने फाडून बुटात लपवली. चाळीस वर्षांनी, १९५० च्या दशकाअखेर, त्यातून ‘अभि ले बगदाद’ उभं राहिलं. त्यात रास-अल-ऐनचं इस्पितळ आहे, आर्मेनियनांची ससेहोलपट आहे, शत्रूपक्षातल्या माणसांशी झालेली ओळख आहे. हा शिकलेला, घरी पुस्तकं असलेला मुलगा होता, म्हणून लिहू शकला. आपल्या पलटणींतल्या शिपायाला पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं लागे.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. गोरे शिपाई नावानिशी आहेत. हिंदी अंमलदारांचीही नावं आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव कोरून पुढे फक्त संख्या घातली आहे. हे स्मारकही १९९७ साली सद्दामच्या हुकमावरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभं केलं.

नावं मात्र कागदावर होती. युद्धकबर आयोगाच्या नोंदवहीत आहेत आणि आता घरबसल्या संगणकावर शोधता येतात. पलटण टाकायची, साल टाकायचं, की यादी खाली खाली जात राहते. शिपायाचं नाव, कुणाचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा सातारा किंवा रत्नागिरी. गावांचं स्पेलिंग कुण्या कारकुनाने कानाला येईल तसं केलेलं. खटाव तालुक्यातला माझा एक मित्र पलीकडे फोनवर असतो, मी अक्षरं वाचतो, तो दोन-तीन गावं सुचवतो. मग आमचा वाद सुरू होतो, कुठली वाडी असेल, बुद्रुक की खुर्द.