चेहऱ्याची सही

माणसाच्या शरीरात एक खातं असं आहे, की जे हेड ऑफिसची मंजुरी घेत नाही. डोकं म्हणतं, 'शांत राहा.' तेवढ्यात पाय हलायला लागतो. डोकं म्हणतं, 'काही झालेलं नाही.' हात आपला शर्टाचं तिसरं बटण पिळत असतो. बटण तुटून हातात आलं, की मग डोक्याला बातमी कळते. हा व्यवहार जन्मापासून चालू आहे आणि अजून कुठल्याही ऑडिटरने त्यावर शेरा मारलेला नाही.

बँकेत वीस वर्षं काउंटरच्या आत बसल्यामुळे असले नमुने मला भरपूर पाहायला मिळाले. कर्ज मागायला आलेला गृहस्थ कानाची पाळी ओढतो. चेक वटला की नाही हे विचारणारा गळ्यातली साखळी दातात धरतो. आमचे एक साहेब ताण आला की बॉलपेनचं बटण टकटकवायचे. टकटकीच्या वेगावरून फोनवर किती मोठा साहेब आहे, हे आमचा शिपाई बाहेर स्टुलावर बसून सांगत असे.

पण खरी गंमत सवयीत नाही. बघणारा तिचा जो अर्थ लावतो, त्यात आहे. बसल्या बसल्या पाय हलवणाराच घ्या. आजी म्हणते, "पाय हलवू नकोस रे, लक्ष्मी जाते घरातली." मास्तर म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. पुढे सासरेबुवा म्हणतात, जावईबापूंना निघायची घाई झालेली दिसते. त्या बिचाऱ्याच्या पोटात गोळा आला आहे, एवढी एक शक्यता सोडून बाकी सगळ्यांचा विचार होतो.

आमच्या सौ. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या. "मुलगी लाजाळू आहे हो," असं सर्टिफिकेट माझ्या आईने तिथल्या तिथे दिलं. लग्नानंतर सहा महिन्यांनी मला शोध लागला, की ते लाजेचं लक्षण नव्हे. तोंडावर आलेलं गिळण्याचं आहे. त्या दिवशी माझ्या मामांनी त्यांना जरा चालून दाखवायला सांगितलं होतं! आता घरात पदराचं किंवा ओढणीचं टोक बोटाभोवती फिरू लागलं, की मी मुकाट्याने पिशवी घेऊन भाजी आणायला जातो.

माझ्या वाट्याला हसू आलं. सुखाचं नव्हे, सुखात माझा चेहरा पासबुकावरच्या फोटोसारखा असतो. धाबं दणाणलं, की मात्र ओठ आपोआप फाकतात. बी. कॉम.ला कॉस्टिंगचा पेपर हातात पडताच मी असा काही हसलो, की मागच्या बाकावरच्याने 'याला सगळं येतंय' असं समजून तीन तास माझ्या पाठीत पेन टोचलं.

तिथवर ठीक होतं. काकांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. पिंडासमोर जो तो हात जोडून वचनं देऊ लागला, मुलांना सांभाळू, घर विकणार नाही. काकांनी मला सायकल शिकवली होती. माझा घसा दाटून आला आणि तोंड मात्र हसत राहिलं. "माझ्या भावाच्या दहाव्याला हा दात काढत होता," हे आत्या आजही सांगते. आत्या पिंडाकडे पाठ करून माझ्याकडे का बघत होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ९ तारखेला बँका बंद होत्या. १० ला शटर वर केलं, तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या पलीकडे गेली होती. माणशी चार हजार बदलून द्यायचे आणि आमच्याकडे सुटे नाहीत. साहजिकच मी दिवसभर हसत होतो. "आम्ही उन्हात मरतोय आणि हे आत हसतायत!" एक जण ओरडला. मागच्या आजीबाई म्हणाल्या, "हसू दे रे. एवढ्या गोंधळात एक तरी हसरा माणूस भेटला." दोघांनीही एकच हसू वाचलं आणि दोघांचाही हिशेब चुकला.

त्याच आठवड्यात एका रात्री दहा वाजता कॅश जुळेना. बारा हजार कमी. कमी आलेली रक्कम कॅशियरने खिशातून भरायची, हा रिवाज. मुलाची फी, गॅसचं सिलिंडर, विम्याचा हप्ता अशी सगळी मंडळी डोळ्यांसमोरून जाऊ लागली आणि माझे ओठ फाकले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हसू कसलं येतंय तुम्हाला?" साडेअकराला व्हाउचर सापडलं; ते शेजारच्या काउंटरच्या गठ्ठ्यात गेलं होतं. हिशेब जुळला. पण पुढची दोन वर्षं साहेब माझी कॅश दोनदा मोजून घेत. वहीतली नोंद उलटी फिरवता येते. माणसाच्या मनातली फिरवायची सोय कुठल्याच लेजरला नाही.

चेहरा वाचण्याचा हा उद्योग शास्त्रज्ञांनीही केला आहे. डार्विनने १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा प्रकट होतात यावर अख्खा ग्रंथ लिहिला. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या संशोधकांनी दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात माणसाला शंभरात सरासरी ५४ गुण मिळाले. नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास पडतात. म्हणजे आपल्या पारखी नजरेची, अनुभवाची आणि 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' या वाक्याची एकूण कमाई चार गुण! खोटं पकडणारं म्हणतात ते यंत्रही खोटं मोजत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतं. ते तर मी साहेबांच्या केबिनमध्येही पुरवू शकतो. २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की माणसाच्या संमतीवाचून ही चाचणी करायची नाही. आत्याला मात्र हा निकाल लागू नाही.

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येतात. मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. जन्मभर प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेला हात. पण खिडकीशी येताच त्याला कापरं भरलं. आमचा नवा अधिकारी स्क्रीनकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "आजी, सही जुळत नाही." दुसरी सही आणखी वाकडी आली. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज संशयाचा झाला आणि बाईंचे डोळे भरले. सही करताच येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात साक्षीदारांसमोर अंगठ्याची, प्रसंगी पायाच्या अंगठ्याचीही सोय आहे. पण चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईंना अंगठा उठवायला कोण सांगणार?

मी त्यांना आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. "बाई, सावकाश. कोणी बघत नाहीये," म्हणालो आणि पाठ फिरवून उगाच फायली लावत बसलो. माझीही छाती धडधडत होती. याही वेळी जमलं नाही तर काय?

"झाली हो," मागून आवाज आला. वळून पाहिलं. वेलांटीसकट ठसठशीत सही.

जाताना बाई म्हणाल्या, "तुम्ही इतके हसून बोललात ना, म्हणून धीर आला."

ही नोंद मी दुरुस्त केली नाही.