पाण्यातले देव

आईने आज सकाळी बाळकृष्ण पाण्यात ठेवला. आधी तांब्या घेतला होता, पण रांगत्या बाळकृष्णाचा लोणी धरलेला हात तांब्याच्या गळ्यात अडकायला लागला. मग गुळाचा स्टीलचा डबा रिकामा केला, दोनदा घासला, नाकाशी नेऊन पाहिला. डोक्यावर तीन बोटं येईल इतकं पाणी, त्यावर तुळशीचं एक पान. डबा देवघरात त्याच्याच जागेवर. शेजारी अन्नपूर्णा आणि शंख कोरडे.

'देव पाण्यात घालून बसणं' हे मी आजवर निवडणुकीच्या बातम्यांतच वाचलं होतं. खरोखर कुणी घालताना पहिल्यांदाच पाहिलं.

*

दादाच्या मानेला उजवीकडे सुपारीएवढी गाठ आहे. सुई घालून काढलेला पहिला नमुना प्रयोगशाळेने लेबलांच्या घोळात हरवला. आठ दिवस आम्ही फोन करत होतो, आठ दिवस 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर येत होतं, आणि नवव्या दिवशी कळलं की प्रोसेसमध्ये काहीच नव्हतं. दुसरा नमुना आषाढी बारशीला दिला. त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. टीबीच्या झटपट चाचणीतही काही निघालं नाही, पण तेवढ्यावर टीबी नाही असं म्हणता येत नाही म्हणे. आता कल्चर.

डॉक्टरांनी कागदावर नळी काढून समजावलं. नेहमीचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला पंधरा ते वीस तास लागतात. पातळ खाद्य घातलेल्या नळीत नमुना घालून ती मशीनमध्ये ठेवायची. वाढ दिसली तर दोन-तीन आठवड्यांतही फोन येईल. नाही दिसली तर मात्र बेचाळीस दिवस पुरे भरल्याशिवाय कुणी सही करणार नाही.

म्हणजे 'हो' लवकर येतं, 'नाही'ला बेचाळीस दिवस.

*

मागायचं काय, हाच प्रश्न आहे. टीबी निघाला तर औषध आहे. साधा असेल तर सहा महिन्यांचा कोर्स. काहीच नाही निघालं तर गाठ आहेच, आणि मग गाठ पूर्ण काढून पुन्हा पहिल्यापासून शोध. दादा चहा ढवळत म्हणाला, "टीबीच निघू दे बाबा." आमच्या मोठ्या आत्याला टीबी झाला होता तेव्हा घरात त्या रोगाचं नाव घेत नसत, 'तिला ते झालंय' म्हणत. त्याच घरात आता टीबी व्हावा म्हणून देव बुडवून ठेवलेत.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याला रोगाचं नाव सांगितलेलं नाही. ते त्याचं त्याने बघावं."

*

आईचे वडील माळकरी. माळकऱ्याच्या घरात नवस बोलत नाहीत. तुकोबांनी नवस करणाऱ्यांची जी काही टिंगल केली आहे ती आजोबा आल्यागेल्याला ऐकवत. हे आठवून मी आईला जरा डिवचलं. तर तिने बारीक फरक काढला: नवसात आपण काहीतरी देऊ करतो, तोळाभर सोनं, पाच नारळ, अनवाणी चालत येईन. "मी काय देऊ केलंय? काही नाही. मी फक्त त्याला कोंडलंय."

दुष्काळात पावसासाठी महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवतात, तीही हीच रीत. तुझ्याकडे पाणी नाही म्हणतोस? हे घे, नाकातोंडात जाऊ दे. याला भक्ती म्हणायचं की घेराव, मला सांगता येत नाही. पण एक आहे. जो ऐकतच नाही असं वाटतं त्याला कुणी पाण्यात बुडवत नाही.

*

रात्री तीन वाजता मोबाइलवर 'मानेतली गाठ' असं शोधू नये.

*

गावाहून चुलतभावाचा फोन. आमचं गाव सिंधुदुर्गात, तिथे देवाला विचारायची सोय आहे. "देवाक कौल लावूया मां?"

कौलाची रीत लहानपणी पाहिली आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, मग ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवल्या जातात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. आणि पडेपर्यंत सगळे बसून. कुणी विडी ओढून येतं, कुणी पानाची चंची सोडतं, पण डोळा पाकळीवर. माझ्या आठवणीतली शांतता म्हणजे ती. गाभाऱ्यात एवढीशी समई, काळ्या दगडावर एक पांढरी पाकळी, आणि तिची कड सुटायला लागलेली.

प्रश्न मात्र हो-नाहीत बसणारा लागतो. चुलतभावाने विचारलं, "काय इचारू?" आम्हा तिघांना तो प्रश्न जमेना. 'बरा होईल का' असं विचारू नकोस, दादा म्हणाला. नाही आलं तर काय करायचं? 'टीबी आहे का' हे आईला देवासमोर उच्चारायचं नव्हतं. शेवटी चुलतभावाने आपल्या मनानेच, 'पुण्याच्याच डॉक्टराकडे ठेवू काय' असं घातलं. पाऊण तास पाकळी हलेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, देवाला जरा दरडावलंच. मग संध्याकाळी फोन: "उजवो कौल दिल्यान." आम्ही काही पुण्याचा डॉक्टर सोडणार नव्हतोच. तरी त्या रात्री मला झोप लागली, हे नोंदवून ठेवतो.

*

तेरावा दिवस. साहजिकच तुकोबा आठवले.

देहूची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तुकोबा काठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस पडून राहिले, वह्या कोरड्या वर आल्या. वह्या खरंच तरल्या की लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा लिहून काढले गेले, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. तो वाद मला आत्ता नको आहे. मला पाचवा दिवस हवा आहे. नववा. अकरावा. तेराव्यावर संपणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं, शिळेवरच्या माणसाला नाही. त्याच्या दृष्टीने तो दिवस बेमुदत.

हा माणूस भोळाभाबडाही नव्हता. 1630 च्या आसपासचा दुष्काळ अंगावर घेतलेला, पहिली बायको त्यात अन्नावाचून गेलेली, सावकारीचं दिवाळं. देव हाक ऐकतोच असं म्हणायला त्याच्याकडे फारशी कारणं नव्हती. म्हणून त्यांच्या गाथेत देवाला इतक्या शिव्या आहेत. निर्दय, दिवाळखोर, नसलेला. असलेल्या माणसाशी भांडावं तसं ते नसलेल्या देवाशी भांडतात. शंका गिळायची, तिच्यावर विजय मिळवायचा, वगैरे मला पुस्तकांत भेटलेलं आहे. तुकोबा शंका उचलून थेट विठोबाच्या तोंडावर फेकतात.

आणि सगळ्यात मला न कळलेली गोष्ट पुढची. वह्या वर आल्यावर ते आनंदाने नाचले असं कुणी सांगत नाही. त्यांनी देवाची क्षमा मागितली. हट्ट करून तुला एवढे दिवस ताटकळत ठेवलं, पाण्यात उभं राहून कागद राखायला लावले, चूक झाली, अशा अर्थाचे अभंग आहेत. जिंकलेला माणूस ओशाळतो.

*

डब्यातलं पाणी आई रोज बदलते. जुनं पाणी कुंडीतल्या तुळशीला. तुळशीचं पान दुसऱ्या दिवशी काळं पडतं, तेही बदलते. पितळेवर गुडघ्याच्या खाचेत हिरवट डाग आला आहे. तो ती चिंचेने काढते आणि पुन्हा बुडवते. घासताना काहीतरी पुटपुटत असते. स्तोत्र असेल म्हणून कान दिला. "एवढा मोठा गोवर्धन उचललास, आणि एक फोन करवत नाही तुला."

मी विचारलं, शंका नाही येत कधी? पलीकडे कुणी नाहीच, असं?

"गॅस बारीक कर," ती म्हणाली. दूध वर आलं होतं.

*

चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून गेले. हयातभर मागणं एकच होतं, आत येऊ द्या. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले ते 1947 च्या 1 मेला, आणि ते सुटलं 10 मेला. मधली वर्षं 609.

देवाने उत्तर द्यायला सहाशे वर्षं लावली, असं एक म्हातारे कीर्तनकार म्हणाल्याचं आठवतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दार देवाने लावलेलं नव्हतं. कडी बाहेरच्या माणसांच्याच हातात होती, आणि विठोबा आत चोखोबांसारखाच अडकलेला. 'देवाची मर्जी' म्हणून आपण ज्यावर स्वस्थ बसतो त्यातलं किती खरं तर कुणाच्या तरी टेबलावर पडून असतं! आमचा पहिला नमुना, उदाहरणार्थ.

*

पंडिता रमाबाईंनी आपल्या घराची दुष्काळातली कहाणी लिहिली आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत फिरणारं. पैसा संपत आला तसतशी व्रतं वाढवली, दक्षिणा वाढवल्या, मूर्तींपुढे बसून वाट पाहिली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस झाडपाल्यावर आणि पाण्यावर काढले. 1874 मध्ये वडील गेले, त्यांच्यामागे आई, मग मोठी बहीण. रमाबाई सोळा वर्षांच्या.

ज्या मुलीला इतकं मागून काहीही मिळालं नाही, तिने मोठेपणी केडगावला 'मुक्ती' उभं केलं आणि शेकडो दुष्काळपीडित मुलींचं रोजचं जेवण प्रार्थनेच्या भरवशावर चालवलं. देव बदलला म्हणून, असं ख्रिस्ती लोक म्हणतील. मला दुसरंच दिसतं. केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरीही खोदल्या गेल्या. रानातल्या त्या अकरा दिवसांत हाताला काही काम नव्हतं.

हे लिहून झाल्यावर उठलो आणि प्रयोगशाळेत स्वतः जाऊन आलो. नळीचा नंबर, आडनावाचं स्पेलिंग, वय, तिन्ही ताडून पाहिले. काउंटरवरची मुलगी वैतागली. वैतागू दे.

*

आषाढीला पंढरपुरात पदस्पर्शाची बारी गोपाळपूरपर्यंत जाते. आई लग्नाआधी वडिलांबरोबर त्या बारीत उभी राहिली आहे, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार. मी म्हटलं, एवढं उभं राहून पायावर डोकं किती वेळ? तिने चुटकी वाजवून दाखवली. आणि मग पुढची बाई, मागचा पोलीस, चला माउली, चला.

पुष्कळ वारकरी बारीला लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, कळसाला हात जोडले की परतीची वाट. आजोबा म्हणत, आपण त्याला बघायला जात नाही, तो आपल्याला बघतो. आईला हे कधीच पटलं नाही. "एवढं चालायचं आणि कळस बघून यायचं? मला पाय हवे होते."

*

तिसावा दिवस. फोन नाही. फोन नसणं हीच आता बातमी. रोज एक दिवस 'नाही'च्या बाजूला पडतो. दादा गाठ चाचपायचं थांबला आहे, म्हणजे आमच्या देखत थांबला आहे. आज आला होता, देवघरात वाकून डब्यात डोकावला. "अजून आहे होय हा पाण्यात? बोटं सुरकुतली असतील त्याची."

आई हसली नाही. रात्री पाणी बदलताना तिने बाळकृष्णाचा हात उलटसुलट करून पाहिला, हे मी पाहिलं.

*

भीती कमी झाली का? नाही. तिच्या वेळा ठरल्या आहेत. पहाटे तीन ते साडेचार, आणि दुपारी अनोळखी नंबर दिसला की. बाकीच्या वेळी ती घरातल्या पाहुण्यासारखी असते. तिचंही जेवणखाण बघावं लागतं, पण तिच्यासाठी ऑफिस बुडवत नाही.

*

आज गोकुळाष्टमी. बेचाळीस दिवस भरायला अजून तीन बाकी.

सकाळी देवघरासमोर आई बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं पाणी बदलते आहे. तर तिने बाळकृष्ण काढला, पदराने पुसला. आधी डोकं, मग कानामागे, मग गुडघ्याची खाच, जसं लहान मुलाला पुसतात तसं.

"अजून फोन आला नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग?"

"आज जन्म आहे त्याचा. आजच्या दिवशी कुणी पाण्यात ठेवतं का पोराला?" आणि मग माझ्याकडे न बघता, त्यालाच, "चुकलं रे. फार दिवस ठेवलं."

रात्री बारा वाजता पाळणा म्हटला. दादा आला होता, मफलर न गुंडाळता. सुंठवडा जरा तिखट झालेला. पाळण्याची दोरी लोकरीची, दर वर्षी नवी. यंदा तिने ती निळी केली होती. डबा घासून पालथा घातलेला ओट्यावर दिसत होता. आईने दोरी दादाच्या हातात दिली आणि म्हणाली, "जोरात नको. आत्ताच अंग कोरडं झालंय त्याचं."