कर्करोगावर 'नॅनो' औषध : ऐकलेले आणि वाचलेले

गुरुकुंज मोझरीत राहणाऱ्या माणसाला कर्करोग हा शब्द शाळेत जायच्या आधीच माहीत होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभा केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच आजाराने त्यांचे देहावसान झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीला लाखो लोक जमतात, सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि आम्हा मुसलमान घरांतली माणसेही तेथे जाऊन उभी राहतात. नागपूरच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयालाही महाराजांचेच नाव आहे. कोणाला 'नागपूरला नेले' एवढे ऐकले तरी आमच्याकडे पुढचे कोणी विचारत नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण शब्दांची सवय असल्यामुळे एक गोष्ट आमच्या मनात नेहमी राहिली आहे. उर्दूत या आजाराला सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीतला कर्क म्हणजेही खेकडा, आणि ग्रीकांनीही त्याला खेकडाच म्हटले होते. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, असे जुन्या हकिमांचे सांगणे होते. या शिरा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मागच्या वर्षी आमच्या मामूंच्या गालाच्या आत एक जखम झाली. तीन आठवडे झाले, महिना झाला, भरेना. मामूंना तीस वर्षांपासून खर्ऱ्याची सवय. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसाला सहा-सात पुड्या. तोंड पूर्ण उघडत नव्हते, भाकरीचा घास बोटांनी लहान करून घालावा लागे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा लोकांना वाटले, बला टळली. पण खर्रा पानठेल्यावरच राहिला. त्यात तंबाखू नसली तरी सुपारी एकटीच कर्करोग करू शकते, हे आमच्या भागात अजून कितीतरी घरांना ठाऊक नाही.

तपासणीसाठी तुकडा घेतला, निदान झाले आणि नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल म्हणाले. मामू तेथेच गप्प झाले. घरी आल्यावर त्यांनी दोन गोष्टी आमच्यासमोर ठेवल्या. एक, शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाने दिलेली काळी बाटली. तिच्यावर 'नॅनो अर्क' लिहिलेले होते, किंमत १८०० रुपये, दहा बाटल्या घ्यायच्या. दुसरी, पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मोबाइलवर पाठवलेला एक इंग्रजी लेख. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू शरीरात विरघळणाऱ्या नॅनोकणांत भरून कर्करोगाच्या गाठीपर्यंत न्यायचा, असा त्याचा विषय. खाली मुलाने लिहिले होते, 'अब्बू, पुण्यातही यावर काम चालते. चाकू लावायची घाई करू नका.'

मामू आम्हाला म्हणाले, "बेटा, तुम पढके बताओ. रुकना है के जाना है?"

बाटलीचे उत्तर सोपे होते. तिच्यावर कारखान्याचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे ते नाही. लेखाचे उत्तर मात्र सोपे नव्हते, कारण लेख खोटा नव्हता. आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सोबत घेतले आणि दोन रात्री वाचत बसलो. जे समजले ते मामूंच्या घरी इशाच्या नमाजनंतर सर्वांसमोर सांगितले. तेच येथे लिहितो.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू. दातांच्या डॉक्टरकडे असतो तो हसवणारा वायू वेगळा, त्यात नायट्रोजनचे दोन अणू असतात. हा आपला वायू गाड्यांच्या धुरातही असतो, म्हणून बरीच वर्षे त्याची ओळख प्रदूषण एवढीच होती. मग कळले, की हा वायू आपल्या शरीरातही तयार होतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून तो सुटतो आणि वाहिनी सैल होते, रक्त मोकळे वाहते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळाले. गंमत अशी, की ज्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवून पैसा कमावला, त्यालाच उतारवयात हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिले होते. ते का लागू पडते, हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी घरोघरी असते, तिचेही काम शेवटी याच वायूमार्फत होते. मामूंच्या घरात हे ऐकल्यावर नानीने लगेच आपली डबी काढून दाखवली.

आता कर्करोग. शरीराचे रक्षण करणाऱ्या काही पेशी हाच वायू शस्त्रासारखा वापरतात. तो भरपूर सुटला तर कर्कपेशी मरते. पण थोडा आणि भलत्या वेळी मिळाला तर हाच वायू गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, म्हणजे तिला खाऊपिऊ घालतो. आणि साऱ्या शरीरात एकदम सोडला तर रक्तदाब कोसळतो. शिवाय रक्तात तो काही सेकंदांच्या वर टिकत नाही. संत्र्याच्या बागेसारखे आहे हे. पाण्यावाचून झाड वाळते, पण तेच पाणी बुंध्याला लागून राहिले की डिंक्या रोग येतो. म्हणून आपल्याकडचे बागाईतदार झाडाला दुहेरी आळे करतात, बुंधा कोरडा ठेवतात आणि मुळांना पाणी देतात. पाणी तेच असते, फरक जागेचा आणि मापाचा.

जागा न साधता वायू दिला तर काय होते, हे माणसांवर पाहिले गेले आहे. जपानमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांना औषधांबरोबर अंगावर नायट्रोग्लिसरीनची पट्टी लावली. २००६ साली निकाल चांगला आला, जगभर आशा वाटली. पुढे ऑस्ट्रेलियात जास्त रोग्यांवर तीच चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ साली आला : फायदा नाही. आम्हाला यात कोणाची लबाडी दिसत नाही. विज्ञान स्वतःलाच पुन्हा विचारते, आणि कधी उत्तर बदलते. काळ्या बाटलीवाला मात्र स्वतःला काहीच विचारत नाही.

म्हणून नॅनोकण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचशेव्या-हजाराव्या हिश्शाएवढी कुपी. ती ज्या पदार्थाची करतात त्यांतला एक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. ऑपरेशननंतर आतले टाके आपोआप विरघळतात ना, त्या धाग्याच्याच जातीचा तो. शरीरात पाण्याने त्याचे हळूहळू तुकडे होतात, त्यातून जी आम्ले निघतात ती शरीर पचवून टाकते. अशा विरघळणाऱ्या टाक्यांची गोष्ट निघाली की अंदलूसच्या अबुल कासिम अल्-जहरावींचे नाव घ्यावेच लागते. हजार वर्षांपूर्वी, जनावराच्या आतड्याच्या तंतूने पोटातले टाके घालणारे ते शल्यविशारद. कुपी बनवण्याचा दुसरा पदार्थ झिंगे आणि खेकड्यांच्या कवचातून काढतात. आमच्या वऱ्हाडी हनफी घरांत खेकडा ताटात येत नाही, पण सरतानवर सरतानच्याच कवचाचा इलाज, हे ऐकून मुमानीसुद्धा हसल्या. त्या दिवसांत त्या घरात हसणे कमीच होते.

कुपी गाठीपर्यंत जाते कशी? येथे त्या खेकड्याच्या शिरा आल्या. गाठ घाईघाईने वाढते, म्हणून तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या, वाकड्या, गळक्या असतात. निरोगी वाहिनीतून जे बाहेर पडू शकत नाही ते गाठीत गळून साचते. जपानच्या माएदा यांनी १९८६ साली ही गोष्ट मांडली आणि नॅनो औषधांची सारी आशा तिच्यावर उभी राहिली. पण गळक्या वाहिन्यांत रक्त नीट वाहत नाही, म्हणून औषध आतपर्यंत पोचतही नाही. तैवानमधल्या त्सिंग हुआ विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली, आणि मुलाने पाठवलेल्या लेखात तिचाच उल्लेख होता. त्यांनी विरघळणाऱ्या कणांत नायट्रिक ऑक्साइड सोडणारे रसायन भरले, आणि यकृताच्या गाठीत तो वायू मारण्यासाठी नव्हे, तर थोडा-थोडा आणि सतत सुटेल असा सोडला. वाहिन्या सरळ झाल्या, मग नेहमीचे औषध गाठीत जास्त पोचले, आणि शरीराचे रक्षक पेशीही जागे झाले. म्हणजे आधी खेकड्याचे पाय सरळ करायचे, मग त्याला गाठायचे.

मुमानी एवढा वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "ये चूहे की बात है, या आदमी की?"

उंदरांची.

साऱ्या सभेत कामाचा प्रश्न तोच होता. मुमानी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत.

मुलाने म्हटलेले पुण्याचे कामही खरे आहे. तेथील आयसर संस्थेत हरिनाथ चक्रपाणी आणि त्यांचे सहकारी अशी रसायने तयार करतात जी ठरलेल्या ठिकाणीच हा वायू सोडतील. २०१३ साली त्यांनी एक रसायन प्रसिद्ध केले. कित्येक कर्कपेशींमध्ये एक विशिष्ट एन्झाइम नेहमीपेक्षा जास्त असते. त्या एन्झाइमची किल्ली लागली तरच हे कुलूप उघडते आणि वायू पेशीच्या आत सुटतो. हे काम प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे. तेथे रोग्याने नंबर लावायचा नसतो, ते रुग्णालय नव्हे. आपल्याच राज्यात हे चालते याचा अभिमान आम्हाला वाटला, आणि मामूंच्या उपयोगाचे ते आज नाही, हेही त्याच श्वासात सांगावे लागले.

आणखी एक आकडा आम्ही सांगितला. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला : शिरेत दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात ते साधारण ०.७ टक्के. हजारांतले सात. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. कर्करोगावर नॅनो औषधे नाहीतच असे नाही. चरबीच्या कुपीत भरलेले डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून वापरात आहे. पण नायट्रिक ऑक्साइड भरलेल्या कणांचे, माणसाच्या कर्करोगावर मान्यता मिळालेले एकही औषध आज नाही.

मामू म्हणाले, "फिर रुकनेसे क्या होगा? साल-दो सालमें आ जायेगा?" आम्ही सांगितले, उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता दहा-दहा वर्षांचा असतो, आणि बरीच औषधे वाटेतच राहतात. गाठ मात्र थांबत नाही. मग त्यांनी दुसरी बाजू काढली. तकदीरमध्ये असेल ते होईल. त्यावर आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांनीच उत्तर दिले. इलाज करण्याचा हुकूम देणाऱ्या हदीसची त्यांनी आठवण करून दिली आणि म्हणाले, तवक्कुल दवाखान्यात जाऊनही करता येतो. आम्ही त्यात अल्-जहरावींची भर घातली. त्यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की सरतान लहान आहे आणि काढता येण्याजोग्या जागी आहे तोवर काढून पाहावा. मोठा झाल्यावर त्याला हात लावू नये, कारण तसा रोगी आपण स्वतः कधी बरा केला नाही आणि दुसऱ्याने केलेला पाहिलाही नाही. इब्न सीनांनीही तो मुळासकट, त्याच्याकडे जाणाऱ्या शिरांसह काढायला सांगितले होते. चाकूची भीती त्यांच्या काळात जास्त असणार, तेव्हा भूल नीट नव्हती.

मामू उठून आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते काळी बाटली हातात घेऊन, आणि मोरीत ओतली. राशन कार्ड आणि आधार कार्ड शोधायला मुमानींना सांगितले, कारण ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होते.

ऑपरेशन झाले, नंतर रेडिएशनही झाले. उजवा गाल आत ओढला गेला आहे. बोलणे पूर्वीसारखे नाही, 'र' स्पष्ट येत नाही. जमातीत ते आता शेवटच्या सफीत उभे राहतात. पातळ खिचडी, दूध, खिमट चालते. मुलगा पुण्याहून आला तेव्हा बापलेकांत त्या लेखावरून वाद होईल असे आम्हाला वाटले होते, पण मुलाने गावातल्या पानठेल्यावर बसणाऱ्या आपल्या दोन मित्रांना नेऊन बापाचे तोंड दाखवले. एकाने सोडला, दुसऱ्याचे अजून चालूच आहे.

तैवान किंवा पुण्याची काही नवी बातमी आली की तो अजूनही आम्हाला पाठवतो. आम्ही वाचतो, आणि मुमानींना फोन लावतो. त्या अलीकडून पहिला प्रश्न विचारतात तो तोच, चूहा या आदमी. अजून चूहाच आहे.

मामूंची पुढची तपासणी सफरच्या महिन्यात आहे.